कंठ फुटल्यानंतर



पुसेगाव म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेक माणसांना सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे पुसेगाव आठवते. आपले हे पुसेगाव, सेनगाव तालुक्यातले, परभणीतून १९९९ साली वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातले, असे दरवेळी फोडून सांगावे लागते. आपल्यापैकी ज्यांची पत्रे चुकून तिकडे गेली असतील त्यांना हे दुःख ठाऊक आहे. पण आज मी त्या दुसऱ्या पुसेगावचे थोडे आभार मानणार आहे. कारण त्याच्या शेजारच्या कोरेगाव तालुक्यात भाडळे नावाचे गाव आहे आणि आजच्या व्याख्यानाचा जो नायक तो त्या गावचा. १० मार्च १९१८ हा त्याचा जन्मदिवस. नाव सौदागर, वडिलांचे नाव नागनाथ, आडनाव गोरे. औंढ्याच्या नागनाथाच्या जिल्ह्यात बसलेल्या आपल्याला हे नाव परके वाटू नये. महाराष्ट्राने मात्र सौदागर नागनाथ गोरे हे नाव कधी फारसे उच्चारलेच नाही. महाराष्ट्र त्याला छोटा गंधर्व म्हणत आला.

विषय जरा चमत्कारिक आहे हे मला मान्य आहे. दहाबारा वर्षांचा एखादा मुलगा गाऊ लागतो, लोक वेडे होतात, त्याचे फोटो भिंतीवर लागतात, त्याच्या तबकड्या घरोघर वाजतात. मग एके दिवशी त्याचा कंठ फुटतो. ज्या आवाजावर लोकांनी जीव टाकला तो आवाज जगातून नाहीसा होतो आणि मुलगा मात्र मागे उरतो. त्या उरलेल्या मुलाचे पुढे काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे. इतिहासकार साधारणपणे कीर्तीच्या आरंभाची तारीख लिहून ठेवतात. मला तिच्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलावयाचे आहे.

प्रथम कंठ फुटणे म्हणजे काय ते पाहू, कारण आपण ही गोष्ट नुसती थट्टेवारी नेतो. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या स्वरयंत्राची वाढ एकदम होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. तो सरळ उतरत नाही. काही महिने तो वरखाली धडपडतो. बोलताबोलता चिरकतो, तान घेताना मध्येच दगा देतो. काळी पाचमध्ये बेधडक गाणारा मुलगा सकाळी उठतो आणि त्याला षड्ज सापडत नाही. शेतकऱ्याच्या किंवा वाण्याच्या घरातल्या मुलाला याचे काही नाही. चार मित्र हसतात, मामला मिटतो. पण ज्या मुलाच्या गळ्यावर पन्नाससाठ माणसांच्या बिऱ्हाडाचा भात शिजतो, त्याच्या बाबतीत काय?

संगीत नाटक कंपनी म्हणजे असे बिऱ्हाडच असे. पडदे, कपडेपट, आचारी, ऑर्गनवाला, तबलजी, पाच-दहा लहान मुले आणि त्यांना शिकविणारे गवई, असा हा संसार गावोगाव हिंडे. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून नायिका मुलांनी किंवा तरुणांनी व्हावयाचे. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसापर्यंत पद पोहोचले पाहिजे, तेही मध्यरात्र उलटल्यावर, म्हणून उंच आणि धारदार आवाजाला भाव. कोवळ्या मुलांना कंपन्या हुडकून आणीत ते या कारणासाठी. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था पुष्कळ कंपन्यांत बरी होती, पुष्कळ कंपन्यांत नव्हती. छडी मात्र सर्वत्र होती.

या प्रश्नाला पहिल्यांदा तोंड दिले ते भाऊराव कोल्हटकरांनी, असे म्हणावयास हरकत नाही. बडोद्याचा हा तरुण १८८२ साली किर्लोस्कर मंडळींत आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे त्याचा कंठ फुटून गेलेला होता. तरी आवाज असा उंच की सुभद्रेच्या भूमिकेत लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. ‘भावड्या’ हे लाडाचे नाव मुंबई-पुण्यात घरोघर झाले. पण भाऊराव शहाणे होते. शरीर थोराड झाले, तेव्हा त्यांनी लुगडे उतरविले आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनया’त १८९६ साली शूरसेन उभा केला. पुढे देवलांच्या ‘शारदे’त १८९९ साली ते कोदंड झाले. म्हणजे ज्याला लोकांनी नायिका म्हणून पाहिले होते, त्याने एका कोवळ्या मुलीच्या बाजूने म्हाताऱ्या वराविरुद्ध उभा राहणारा तरुण रंगविला. १९०१ च्या फेब्रुवारीत, चाळिशीही न गाठता, ते गेले. पण वाट त्यांनी दाखवून ठेवली होती.

केशवराव भोसल्यांची गोष्ट याहून तीव्र आहे. कोल्हापूरचा हा मुलगा, जन्म ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी, वडिलांचे छत्र नाही. अक्षरओळख व्हावयाच्या वयात तो स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत दाखल झाला आणि बारातेरा वर्षांचा असताना त्याने शारदा अशी गायिली की लोक किर्लोस्करांची शारदा विसरून त्याची पाहावयास जाऊ लागले. आता पाहा, अशा मुलाच्या मनात पहिला विचार काय यावा? आपण कंपनीला पोसतो, पण कंपनी आपली नाही. १ जानेवारी १९०८ रोजी, हुबळीस, अवघ्या सतराव्या वर्षी त्याने ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. सतरा वर्षांच्या पोराने कर्ज, पडदे, नटांचे रुसवेफुगवे, थिएटरचे भाडे हे सर्व अंगावर घेतले. त्याने स्त्रीभूमिका केल्या आणि पुरुषभूमिकाही केल्या. मामा वरेरकरांची ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ ही सामाजिक प्रश्नांची नाटके १९१६ आणि १९१९ साली रंगभूमीवर आणिली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. एके काळचे दोन बालनट, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, एका रंगमंचावर समोरासमोर. एक अजून शालू नेसलेला, दुसऱ्याच्या कमरेला तलवार. त्या रात्रीचे वर्णन करण्याचा मोह मी आवरतो, कारण आपल्यापैकी प्रत्येकाने ते कोणाकडून तरी ऐकलेच आहे. पुढच्या तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले. वय एकतीस. कोल्हापुरात ज्या नाट्यगृहाला त्यांचे नाव दिले ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसरा दिवस त्यांच्या जयंतीचा होता.

आता बालगंधर्व. येथे मला थोडे थांबावयाचे आहे, कारण प्रश्नाची दुसरी बाजू येथे दिसते. नारायण श्रीपाद राजहंस हा दहा वर्षांचा मुलगा गायिला आणि लोकमान्यांच्या तोंडून ‘बालगंधर्व’ हे नाव निघाले, अशी परंपरा आहे. १९०५ साली, सतराव्या वर्षी, तो किर्लोस्कर मंडळींत आला, तेही कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी शाहू महाराजांनी मिरजेस पाठविले असताना. मिरजेसच तो शकुंतला म्हणून प्रथम उभा राहिला. पुढचे सर्व आपणांस ठाऊक आहे. १९११ साली ‘मानापमान’, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी, १९१९ साली ‘एकच प्याला’तील सिंधू. कोणी म्हणेल, याला कंठ फुटण्याचा त्रास झालाच नाही. खरे आहे. आवाजाने त्यांना दगा दिला नाही. दगा दिला तो लोकांच्या प्रेमाने, असे म्हटले तर आपण रागावू नये.

हा माणूस पन्नाशीला आला तरी त्याने भामिनीच असावे, सिंधूच असावे, असा लोकांचा हट्ट राहिला. इकडे काळ पालटत होता. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी कराव्यात हे दाखवून दिले. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतरचे ‘आंधळ्यांची शाळा’ झाले. गंधर्व मंडळी कर्जात होती. १९३५ साली बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी या थोर नटाने आपला खरा पुरुषी चेहरा सर्व महाराष्ट्रापुढे प्रथम उघडा केला. लोकांनी हात जोडले आणि पुन्हा त्यांची सिंधूच मागितली. दोनच वर्षांनी, १९३७ साली, ‘साध्वी मीराबाई’च्या चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात उभे होते. कॅमेरा हा पिटातल्या मागच्या रांगेत बसत नाही, तो अगदी जवळ येतो. एकोणपन्नास वर्षांच्या पुरुषाची मीरा त्याने जशी होती तशी दाखविली. त्यांनी पुढे काही पुरुषभूमिकाही केल्या, पण त्या कोणाच्या आठवणीत घर करून राहिल्या नाहीत. १९६४ साली पद्मभूषण आले, तोवर पायांतली शक्ती गेलेली होती. १५ जुलै १९६७ ला ते वारले. वर्षभराने, त्यांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ ला, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर उघडले.

बालगंधर्वांच्या मोठेपणाला यात कोठे कमीपणा येतो असे मी म्हणत नाही. मी आपल्याकडे, प्रेक्षकांकडे, बोट दाखवीत आहे.

आता ज्याच्यासाठी एवढी प्रस्तावना केली त्या सौदागराकडे वळू. दामूअण्णा जोशी यांची बालमोहन नाटक मंडळी ही मुलांची कंपनी. १९२८ साली दहा वर्षांचा सौदागर तिच्यात आला. पत्रकार आणि नाटककार अनंत हरि गद्रे यांनी त्याचे गाणे ऐकून त्याला ‘छोटा गंधर्व’ म्हटले आणि ते नाव चिकटले. या नावात कौतुक आहे, पण एक जोखीमही आहे. ‘बाल’ आधीच दुसऱ्याने घेतलेले, म्हणून ‘छोटा’. म्हणजे हा मुलगा जन्मभर दोन मापांनी मोजला जाणार, एक वयाचे आणि एक बालगंधर्वांचे. दहा वर्षांच्या मुलाला पदवी देताना देणाऱ्याला हे सुचत नाही. सुचू नये हेही बरोबर.

१९३३ साली आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ बालमोहनने रंगभूमीवर आणिले आणि पाठोपाठ ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ अशी नाटके अवघ्या तीनचार वर्षांत आली. नाटक कंपन्या पटापट बुडत होत्या, बोलपटाच्या तंबूपुढे रांगा लागत होत्या, अशा दिवसांत हसण्याचे आणि रडण्याचे दोन्ही व्यवहार अत्र्यांच्या नाटकांनी चालू ठेविले. या नाटकांत छोटा गंधर्व स्त्रीभूमिका करीत. आता वय मोजा. १९३३ साली पंधरा, १९३६ साली अठरा. म्हणजे कंठ फुटण्याची वर्षे आणि लोकप्रियतेच्या भराची वर्षे एकच. हा मुलगा ती खिंड कशी पार पडला?

माझ्या मते याचे उत्तर गाण्यात नसून तालमीत आहे. नाटकातले पद बसविणे निराळे आणि राग शिकणे निराळे. पद बसविलेल्या मुलाचा आवाज गेला की पदही जाते. ज्याला राग कळला त्याला आवाज खाली उतरला तरी घर सापडते. पट्टी बदलते, वाट तीच राहते. छोट्या गंधर्वांनी वेगवेगळ्या घराण्यांच्या गवयांकडे तालीम घेतली आणि ती मोठेपणीही सोडली नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे भूर्जीखाँ यांच्याकडेही ते शिकले. त्यांनी स्वतः ‘गुणरंग’ या नावाने बंदिशी बांधल्या. आवाज त्यांचा गोड होताच, पण त्यात एक संथपणा आला होता. शब्द तोडला जात नाही, तान उगीच धावत नाही, आणि अचानक एखादी अनपेक्षित जागा अशी येते की शेजारचा माणूस आपल्या मांडीवर थाप मारतो.

१९४३ साली, म्हणजे पंचविसाव्या वर्षी, ते बालमोहनमधून बाहेर पडले आणि ‘कलाविकास’ ही स्वतःची संस्था काढली. ते वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. विष्णुदास भाव्यांच्या पहिल्या नाटकाला शंभर वर्षे झाली म्हणून सांगलीस त्याच वर्षी रंगभूमीचा शताब्दी-महोत्सव झाला. त्या उत्सवात जितका आनंद होता तितकीच संगीत नाटक संपल्याची हळहळही होती. अशा वेळी संगीत नाटकाची संस्था काढणे म्हणजे दुष्काळात पेरणी करणे. नागेश जोशी यांच्या ‘देवमाणूस’ला त्यांनी संगीत दिले, त्यात गायिले, आणि त्या पदांच्या तबकड्या गावोगाव गेल्या. आता ते दुसऱ्याने बसविलेली चाल म्हणणारे पोर राहिले नव्हते. चाल त्यांची स्वतःची होती. कलाविकास फार वर्षे टिकली नाही, यात नवल करण्यासारखे काही नाही. त्या काळी कोणाची टिकली?

मराठवाड्यात आपल्याकडे हे सर्व कसे पोहोचले? निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, मराठी नाटकाला सरकारदरबारी फारसे कोणी विचारीत नव्हते. मोठ्या कंपन्या रेल्वेच्या गावांना येत, खेड्यांना नव्हे. खेड्यात येई ती तबकडी. आमच्या लहानपणी गावातील एका वाड्यात किल्ली द्यावयाचा फोनो होता. कर्ण्यासमोर आम्ही मुले मांडी घालून बसत असू. गाणारा पुरुष की स्त्री, लहान की मोठा, यावर पैज लागे. वाड्याचे आजोबा पैज कधी सोडवीत नसत. “गाणारा आहे, एवढे पुरे की रे,” असे म्हणून सुई बदलीत. छोट्या गंधर्वांचे नाव मी प्रथम त्या आजोबांच्या तोंडून ऐकिले. आणि पुष्कळ वर्षे माझी समजूत अशी होती की हा कोणी आमच्याएवढाच मुलगा असणार.

त्या वेळी तो मुलगा ‘सौभद्रा’तला कृष्ण होत होता. हा त्यांच्या आयुष्याचा तिसरा अंक आणि माझ्या मते सर्वांत भरीव. कंपन्या मोडल्या होत्या. आता कंत्राटदार निरनिराळ्या नटांना जमवून एकेक प्रयोग लावीत आणि नटांना ‘नाइट’ मिळे. या व्यवस्थेत कृष्ण, धैर्यधर, चारुदत्त, अश्विनशेठ अशा पुरुषभूमिका घेऊन छोटा गंधर्व महाराष्ट्रभर हिंडले. त्यांचा कृष्ण तलवारीचा नव्हता, मिस्कील होता. ज्याने लहानपणी नायिकेचे रुसणे केले त्याला रुसलेल्या नायिकेची समजूत कशी घालावी हे आतून ठाऊक असणार, असे मला नेहमी वाटत आले आहे. १९६० साली विद्याधर गोखले यांचे ‘सुवर्णतुला’ आले. त्यात ते पुन्हा कृष्ण झाले आणि संगीतही त्यांचेच. संगीत नाटकाला जी नवी पालवी फुटली असे म्हणतात तिच्यात या नाटकाचा वाटा मोठा. बेचाळीस वर्षांचा हा माणूस लोकांनी पुन्हा नव्याने पाहिला. नाव मात्र अजून ‘छोटा’च.

त्याच लाटेत १९६३ साली ‘मंदारमाला’ आले. त्याचे संगीत राम मराठे यांचे आणि त्यात ते स्वतः गायिले. यांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती चित्रपटाच्या बाजूने आलेली आहे. १९३८ साली ‘प्रभात’च्या ‘गोपालकृष्ण’मधला कृष्ण म्हणजे हेच राम मराठे, वय चौदाच्या आसपास. सर्व देशाने पाहिलेला हा पोरगा पुढे मास्तर कृष्णराव, जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंच्या पायाशी वर्षानुवर्षे बसला आणि गवई म्हणून परत आला. चित्रपटाने ज्याला कृष्ण केले त्याला रंगभूमीने पंडित केले.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडात शेक्सपिअरच्या काळी स्त्रीभूमिका मुलेच करीत, आणि ‘हॅम्लेट’मध्ये या बालनटांच्या कंपन्यांवर चांगलीच टीका आहे: ही पोरे मोठी झाल्यावर काय करणार, असा प्रश्नही तेथे विचारलेला आहे. त्याच पोरांपैकी नेथन फील्ड नावाचा एक, पुढे शेक्सपिअरच्याच मंडळींत प्रमुख नट झाला आणि नाटकेही लिहू लागला. आपल्या काळाकडे यावयाचे तर टॉमी स्टील हा लंडनचा मुलगा १९५६ साली विशीत गिटार घेऊन उभा राहिला, पोरी किंचाळू लागल्या. जाणत्यांनी त्याला फार आयुष्य दिले नव्हते. १९६३ साली तो ‘हाफ अ सिक्सपेन्स’ या संगीत नाटकाचा नायक झाला आणि रंगभूमीवरच म्हातारा झाला. अमेरिकेचा डॉनी ऑस्मंड १९७१ साली तेराव्या वर्षी गाण्याच्या यादीत पहिला. १९८२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचे नाटक लागले ते पहिल्याच रात्री उतरले. दहा वर्षांनी टोरांटोत त्याने ‘जोसेफ’ची भूमिका घेतली आणि पुढील काही वर्षांत तिचे दोन हजारांहून अधिक प्रयोग केले. ज्याला एका रात्रीत घरी पाठविले, तो पुन्हा पहिल्या घंटेला तयार होऊन उभा राहिला. हे नाटकातच होऊ शकते. तबकडीवरचा आवाज वाढत नाही, चित्रातला चेहरा वाढत नाही. रंगभूमीवर माणसाला रोज नव्याने यावे लागते, म्हणून तेथे त्याला वय वाढण्याची मुभा मिळते. अर्थात समोर बसलेल्यांनी ती दिली तर.

आज दूरचित्रवाणीवर मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात. २००८-०९ च्या त्या गाजलेल्या पर्वाच्या वेळी रस्ते ओस पडत होते, ते आपण पाहिले आहे. त्या मुलांना संदेश पाठविणारे हात आपलेच होते. ती मुले आता तिशीच्या आसपास आली. आपल्यापैकी कितीजण त्यांचे आजचे गाणे ऐकतात आणि कितीजण ‘लहानपणी काय गोड गायची!’ एवढेच म्हणतात, याचा हिशेब ज्याने त्याने घरी गेल्यावर करावा. मी माझा केला आहे आणि तो मला फारसा भूषणावह नाही.

छोटा गंधर्व ३१ डिसेंबर १९९७ ला वारले. एकोणऐंशी वर्षांचे होते.

श्रोतेहो, पुष्कळ वेळ झाला आणि मंडपाच्या कडेची मुले केव्हापासून यंत्राकडे पाहात आहेत. व्यवस्थापक मंडळींनी छोट्या गंधर्वांच्या दोन ध्वनिमुद्रिका मिळविल्या आहेत, एक उमेदीच्या काळातली आणि एक ‘सुवर्णतुले’ची. माझी विनंती एवढीच की त्या उलट क्रमाने लावाव्यात, आधी नंतरची.